पार्किन्सन्सचा खर्च : गोळी स्वस्त, बाकी महाग

पार्किन्सन्सचं निदान झाल्यावर केमिस्टचं पहिलं बिल हातात आलं की बऱ्याच घरांना हायसं वाटतं. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची एकत्रित गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे महिन्याला नव्वद गोळ्या, आणि बिल दोनशे ते साडेचारशेच्या घरात. शेजारच्या काकांच्या मधुमेहाच्या गोळ्या याहून महाग असतात. एवढ्या मोठ्या नावाच्या आजाराला एवढाच खर्च?

गोळ्यांपुरता, सुरुवातीला, हो. पण हा आजार पंधरा-वीस वर्षं सोबत राहतो आणि त्याचा पैसा केमिस्टच्या काउंटरवर कमी, इतर ठिकाणी जास्त जातो. सुरुवातीला नको त्या तपासण्यांवर जातो, मग 'मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्यांकडे जातो, पुढे न्हाणीघरात मोडलेल्या खुब्यावर आणि शेवटी चोवीस तासांच्या माणसावर. माझं म्हणणं सरळ आहे. गोळ्यांवर काटकसर करू नका, ती तपासण्यांवर आणि चमत्कारांवर करा; वाचलेला पैसा व्यायामावर आणि घराच्या डागडुजीवर लावा. पुढचे आकडे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडच्या खासगी सेवांचे आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी डॉक्टरांची फी कमी पडते, पण न्यूरॉलॉजिस्टपर्यंतचा प्रवासखर्च वाढतो.

शरीरात काय होतं, आणि ते कुठे महाग पडतं

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्याला कंपयुक्त लकवा म्हटलं होतं. तेव्हापासून लोकांची नजर हाताच्या थरथरीवरच आहे. प्रत्यक्षात मेंदूच्या खोल भागातल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या गडद रंगाच्या पट्ट्यातल्या पेशी मरत जातात. या पेशी डोपामिन तयार करतात, आणि हालचाल सुरू करणं, तिचा वेग आणि मोठेपणा ठरवणं डोपामिनवर चालतं. बोट थरथरायला लागतं तोवर यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

थरथर दिसते फार, पण खर्चाच्या दृष्टीने ती सर्वांत गरीब. काहींना तर ती कधीच येत नाही. खर्च वाढतो तो मंदपणामुळे, ताठरपणामुळे आणि तोल जाण्यामुळे. शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं, कुशीवर वळायला मदत, खुर्चीतून उठायला तीन प्रयत्न. आवाज बारीक होतो, चेहरा कोरा दिसतो, अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं. बद्धकोष्ठ, वास न येणं, झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं ही लक्षणं कित्येकदा थरथरीच्या आधी काही वर्षं हजर असतात, पण त्यांची सांगड कुणी घालत नाही. उभं राहताच रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. पुढच्या टप्प्यात गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. रुग्णालयातली मोठी बिलं येतात ती या पडण्याची आणि न्यूमोनियाची.

पहिले पैसे मात्र बहुतेकदा भलत्याच दारी जातात. एका खांद्याचं दुखणं आणि आखडणं हे पार्किन्सन्सचं अगदी सुरुवातीचं रूप असू शकतं. मग एक्स-रे, खांद्याचा एमआरआय, इंजेक्शन, फिजिओ असे महिने जातात. खांदा आखडला आहे आणि चालताना त्याच बाजूचा हात हलत नाही, असं दिसलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे ते आवर्जून बोला.

निदान : फी द्या, स्कॅन जपून करा

पार्किन्सन्सची रक्ततपासणी नाही. निदान न्यूरॉलॉजिस्टच्या डोळ्यांवर आणि हातांवर होतं. ते बोटं टिचकीसारखी आपटायला लावतात, मनगट फिरवून ताठरपणा पाहतात, कॉरिडॉरमध्ये चालायला लावतात, मागून खांदा ओढून तोल तपासतात. पहिल्या भेटीची फी १,००० ते २,००० रुपये, हालचालींच्या विकारांचे खास तज्ज्ञ असतील तर त्याहून थोडी जास्त. या आजारात सर्वांत मोलाचा खर्च हाच. वर्षातून दोन-तीन भेटींवर डोस नीट बसतो आणि नीट बसलेला डोस पुढचे हजारो रुपये वाचवतो.

मेंदूचा एमआरआय खासगी केंद्रात ५,००० ते १०,००० रुपयांना होतो. तो एकदा करायला हरकत नाही, पण कशासाठी हे कळलेलं असावं. पार्किन्सन्समध्ये साधा एमआरआय बहुधा वयाला साजेसा, म्हणजे नॉर्मल येतो. तो करतात लहान पक्षाघात, मेंदूत साठलेलं पाणी, गाठ अशी इतर कारणं वगळायला. 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे पार्किन्सन्स नाही' असा अर्थ काढून गोळ्या बंद करणारी घरं आहेत. ट्रोडॅट किंवा डोपा पेट हे डोपामिनचे स्कॅन दहा-वीस हजारांच्या पुढे जातात आणि बहुतेकांना लागत नाहीत. निदान खरोखर अडलं असेल तेव्हाच ते मागवले जातात. दरवर्षी स्कॅन काढून 'आजार किती वाढला' हे पाहण्यात तर काहीच अर्थ नाही, ते डॉक्टर चालण्यावरून सांगतात.

याच टप्प्यावर फुकटात होणारी एक तपासणी आहे, ती म्हणजे औषधांचा डबा उघडून पाहणं. पित्ताच्या, अपचनाच्या काही जोडगोळ्यांमध्ये लेव्हसल्पिराइड असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिलेलं असतं. ही औषधं डोपामिनच्या कामात अडथळा आणतात आणि महिनोन्महिने घेतली तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं उभी करतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली की कित्येकांची लक्षणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. आपल्याकडे पित्ताची गोळी 'सुरू ठेवा' म्हणून वर्षानुवर्षं सुरू राहते आणि तिच्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. वाचा. आणि ज्यांना पार्किन्सन्स आहेच, त्यांच्या फाइलवर ही नावं लाल शाईने 'देऊ नये' म्हणून लिहून ठेवा. रात्री उलटी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात दिलेलं एक इंजेक्शन दोन-तीन दिवस माणसाला खाटेला खिळवू शकतं. उलटीसाठी सहसा डोम्पेरिडोन चालतं, पण तेही विचारूनच.

गोळ्यांचा हिशेब

लेव्होडोपा-कार्बिडोपा हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे त्याच्या नेहमीच्या ताकदींच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. सिंडोपा, टिडोमेट अशा नावांनी ते मिळतं, नेहमीच्या ताकदीची गोळी दोन ते पाच रुपयांना पडते. पॅकवरची किंमत जास्त वाटली तर 'फार्मा सही दाम' या सरकारी अॅपवर कमाल किंमत पाहता येते. जनऔषधी केंद्रात साठा असेल तर आणखी स्वस्त. मात्र एका महिन्याला एक कंपनी आणि पुढच्या महिन्याला दुसरी, असं करू नका. ज्यांचा डोस काटेकोर बसवलेला आहे त्यांना कंपनी बदलल्यावर फरक जाणवू शकतो. बदलायचीच तर डॉक्टरांना सांगून एकदाच बदला. आणि घरात पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या ठेवा. हे औषध अचानक बंद पडणं धोक्याचं आहे, अंग ताठ होऊन तीव्र ताप चढू शकतो आणि प्रकरण आयसीयूपर्यंत जातं.

पाचेक वर्षांनी चित्र बदलतं. गोळीचा असर चार तासांऐवजी अडीच तासांत उतरू लागतो. मग दिवसाला पाच-सहा डोस होतात, त्यांच्या जोडीला एन्टाकापोन, रसाजिलिन, प्रामिपेक्सोल, अमँटाडिन यातलं काही येतं. या गोळ्या एकेक दहा ते चाळीस रुपयांच्या, त्यामुळे महिन्याचं बिल तीन ते सहा हजारांवर जातं आणि काहींचं त्याहून वर.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, 'लेव्होडोपा आत्ताच घेतली तर पुढे लागू पडणार नाही' या समजापायी ती लांबवणं. लांबवून औषध 'शिल्लक' राहत नाही. मधली दोन-तीन वर्षं माणूस कामाविना, व्यायामाविना खुर्चीत जातो आणि स्नायू गमावतो. दुसरी, जास्त महाग गोळी जास्त चांगली हा समज. सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत स्वस्त गोळीच अजून सर्वांत परिणामकारक आहे, बाकीच्या तिच्या मदतनीस.

गोळी कशी घेतली जाते यावरही पैसे ठरतात. लेव्होडोपा आतड्यातून शोषली जाते तीच वाट प्रथिनांचीही आहे. दोन्ही एकत्र गेली तर गोळी मागे राहते. आपल्या घरी गोळी घेतली जाते ती सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर, पोह्यांबरोबर, नाहीतर वरणभात झाल्यावर. मग 'गोळी लागू पडत नाही' म्हणून डोस वाढतो. तीच गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर द्या, मळमळ झालीच तर एखादं बिस्किट. डाळ, पनीर, अंडी यांचा भर रात्रीच्या जेवणावर न्या. लोहाची गोळीही तिच्यापासून दोन तास लांब ठेवा. यासाठी लागतं एक घड्याळ, गजर असलेलं. त्यातून वाचलेली वाढीव गोळी महिन्याला मोजता येते.

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्यांचा एक खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. काही जणांमध्ये त्या मनावरचा लगाम सैल करतात. आयुष्यभर पैनपै जपलेला माणूस रमीत हजारो घालवतो, एकच वस्तू चारदा मागवतो, लॉटरीची तिकिटं घेतो. घरचे त्याला म्हातारचळ म्हणतात आणि तो लाजेने लपवतो. हा औषधाचा दुष्परिणाम आहे, डोस कमी केला की बहुधा जातो. ही गोळी सुरू असेल तर बँकेचे संदेश घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर येऊ द्या, आणि हे गोळी सुरू होण्याआधीच मोकळेपणाने ठरवा.

'मुळापासून बरा' करणाऱ्यांचे दर

पार्किन्सन्स पूर्ण बरा करणारं औषध आज कुठल्याही पॅथीत नाही. मोबाइलवर मात्र रोज नवं दिसतं. कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी, यात नैसर्गिक लेव्होडोपा असते ही गोष्ट खरी. पण म्हणूनच ती गोळ्यांच्या जोडीला चोरून घेतली तर डोस दुप्पट होतो, अंग वेडंवाकडं हलू लागतं, भास होतात. पुडीत लेव्होडोपा नेमकी किती आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आयुर्वेदिक उपचार करायचेच असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. स्टेम सेलच्या नावाखाली दोन-पाच लाख घेणाऱ्यांपासून तर लांबच राहा. आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सन्ससाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आणि संशोधन म्हणून तो देत असतील तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की उत्तर मिळालं असं समजा. औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये जे आजार बरे करण्याचा दावा करायला बंदी आहे त्यात पार्किन्सनिझमही आहे. अशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

व्यायाम आणि न्हाणीघर

फिजिओथेरपिस्ट घरी आले तर एका वेळचे ४०० ते ८०० रुपये घेतात, त्यांच्या केंद्रात गेलात तर त्याहून कमी. रोज बोलावलं तर महिन्याला पंधरा-वीस हजार होतात आणि दोन महिन्यांत घर थकून सगळंच बंद करतं. त्यापेक्षा सुरुवातीला दहा-बारा सत्रं घ्या, व्यायाम शिकून घ्या, मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण करून ठेवा आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी दोन-तीन सत्रं तपासणीपुरती. फिजिओ निवडताना पार्किन्सन्सचा अनुभव विचारा. नुसता शेक आणि गुडघ्याचं यंत्र लावणाऱ्याचा इथे उपयोग नाही. मोठी पावलं, मोठे हात, वळण्याचा सराव, खुर्चीतून उठणं, हे करून घेणारा हवा. आवाजासाठी एलएसव्हीटी नावाची पद्धत आहे, चार आठवडे, आठवड्याला चार सत्रं. स्पीच थेरपिस्ट एका सत्राचे पाचशे ते हजार घेतात, पण आवाजाच्या बरोबरीने गिळण्याचीही तपासणी करून घेता येते, आणि तेवढ्यासाठी दोन भेटी तरी कराव्यातच.

गटात व्यायाम फुकट किंवा नाममात्र दरात होतो, आणि मला तो घरच्या फिजिओपेक्षा टिकाऊ वाटतो. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ या आजाराच्या रुग्णांनी आणि घरच्यांनी चालवलेला स्वमदत गट आहे. मुंबईतून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी राज्यात आणि राज्याबाहेर मोफत आधारगट चालवते, ऑनलाइनही. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्यवर्ग घेतले आहेत. तालावर पाऊल पडतं हे इथल्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. लेझीमचा ठेका लावा, टाळ वाजवा, अडकलेला पाय निघतो.

हा अडकलेला पाय नीट पाहायला हवा. आजोबा हॉलमधून बरे चालत येतात. न्हाणीघराच्या दाराशी आले की पावलं फरशीला चिकटतात. टाचा वर, चवडे खाली, गुडघे जागच्या जागी थरथरतात, आणि वरचं अंग मात्र पुढे निघालेलं असतं. मागून कुणीतरी 'चला ना, किती वेळ' म्हणत दंड धरून ओढतं आणि नेमके त्याच वेळी ते पडतात. ओढायचं नसतं. थांबायचं, डावी-उजवीकडे वजन हलवायचं, 'एक-दोन' म्हणत समोरच्या रेषेवरून पाय टाकायचा. ती रेषा म्हणजे दाराशी फरशीवर आडवी चिकटवलेली पिवळी किंवा लाल टेप, एक-एक फुटावर चार पट्ट्या. स्टेशनरीच्या दुकानात पन्नास-शंभर रुपयांचं रीळ येतं. मेंदूला डोळ्यांनी दिलेली खूण डोपामिनच्या वाटेला वळसा घालून पायापर्यंत पोहोचते. या आजारात इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

उरलेली डागडुजी पाच ते पंधरा हजारांत होते. कमोड आणि शॉवरशेजारी स्टीलचे दांडे (एक दांडा ५०० ते १,५००, बसवणावळ वेगळी), घसरू न देणारी रबरी चटई, अंघोळीसाठी प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा मंद दिवा. सुट्या सतरंज्या उचला. दांडा टाइलवर चिकटवू नका, भिंतीत खिळवून घ्या. चिकटवलेला दांडा माणसाबरोबर खाली येतो. खुब्याचं हाड मोडलं तर खासगी रुग्णालयात दीड ते चार लाख सहज जातात, आणि त्यानंतर पूर्वीसारखं चालणारे पार्किन्सन्समध्ये थोडेच. वॉकर, कमोडची खुर्ची, पाठ वर-खाली होणारी खाट या वस्तू आधी भाड्याने घेऊन पाहा. साधा वॉकर पुढे झुकणाऱ्या माणसाला कधी कधी आणखी पाडतो, म्हणून तो फिजिओसमोर चालून पाहूनच घ्या.

मेंदूतलं यंत्र

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, ही शस्त्रक्रिया मेंदूत बारीक तारा आणि छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवते. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे अलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये तिचं आजचं रूप सुरू केलं. आपल्याकडे खासगी रुग्णालयात एकूण खर्च साधारण आठ ते पंधरा लाख, चार्ज करता येणारं यंत्र असेल तर त्याहून पुढे. त्यातला सिंहाचा वाटा यंत्राचा. म्हणूनच दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निमहान्स किंवा तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा अशा सार्वजनिक संस्थांत शस्त्रक्रिया स्वस्त पडली तरी यंत्राचे पैसे फारसे कमी होत नाहीत.

कोटेशन मागताना यंत्र, रुग्णालय, शस्त्रक्रिया आणि पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. प्रोग्रॅमिंग म्हणजे यंत्राची ताकद बसवणं, आणि त्यासाठी पहिल्या सहा महिन्यांत अनेक फेऱ्या होतात. साताऱ्याहून किंवा लातूरहून मुंबईला या फेऱ्या किती पडतील तेही मांडा. चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत संपते आणि ती बदलताना यंत्राच्या किमतीचा मोठा भाग पुन्हा भरावा लागतो. चार्ज होणारी दहा-पंधरा वर्षं जाते, पण आठवड्याला नेमाने चार्ज करणारं कुणीतरी घरात लागतं. सत्तरीतल्या एकट्या माणसाला कुठली बरी, हा डॉक्टरांइतकाच घरच्यांचा निर्णय आहे.

मुख्य म्हणजे डीबीएस कुणाला नको ते आधी कळावं. गोळी चांगली लागू पडते पण तिचा असर उतरतो-चढतो, अंग अनावर हलतं, स्मरणशक्ती शाबूत आहे, अशांना त्याचा फायदा होतो. जे गोळीने सुधारत नाही, म्हणजे तोल, बोलणं, विसरभोळेपणा, ते यंत्रानेही सहसा सुधारत नाही. कंप तेवढा त्याला अपवाद. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी उपाशीपोटी गोळी देऊन आधी आणि नंतरची चाल मोजतात. ही मोजणी न करता तारीख देणारा डॉक्टर असेल तर दुसरं मत घ्या. आणि यंत्र बसल्यावर फिजिओकडे डायथर्मीचा शेक कधीही घेऊ नका, त्याने मेंदूतल्या तारा तापून जिवावर बेतू शकतं.

कुणाकडून काय मिळतं

विमा. आजार होण्याआधीची पॉलिसी असेल तर ती जिवापाड चालू ठेवा. आयआरडीएआयच्या नियमांनुसार डीबीएस पॉलिसीतून वगळता येत नाही, पण त्यावर उपमर्यादा घालता येते. दहा लाखांच्या पॉलिसीत डीबीएसला दोन लाखच असंही निघतं, तेव्हा पॉलिसीचं ते पान वाचा. निदान झाल्यावर नवी पॉलिसी काढायला गेलात तर पार्किन्सन्स कायमचा वगळून पॉलिसी देण्याची मुभा कंपनीला आहे. तरीही ती घेण्यासारखी असते, खुबा मोडला तर उपयोगी पडते. आजार लपवून मात्र घेऊ नका. गोळ्या, ओपीडी, मदतनीस यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत.

सरकारी योजनांचंही तेच, त्या भरती झाल्यावरच्या. सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं छत्रही ५ लाखांचं आहे. न्यूमोनिया, हाड मोडणं यासाठी हे कार्ड आधीच काढून ठेवा, आणि कुठला उपचार बसतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरतीच्या आधी हातात असावा, नंतर धावपळ होते आणि तोवर बिल चढतं. केंद्र सरकारी निवृत्तांना सीजीएचएसमधून महिन्याच्या गोळ्या मिळतात, त्या विकत घेत बसू नका.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, हे बऱ्याच डॉक्टरांनाही सांगावं लागतं. यूडीआयडी पोर्टलवर अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. तपासणीला गोळीचा असर उतरलेल्या वेळी जा किंवा तशी चाल मोबाइलवर दाखवा, नाहीतर ऐन असरात माणूस ठणठणीत दिसतो. हे प्रमाणपत्र चाळिशी-पन्नाशीत आजार झालेल्या नोकरदारांसाठी सर्वांत मोलाचं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही.

कर. प्राप्तिकराच्या जुन्या कायद्यातल्या कलम ८०डीडीबीच्या यादीत पार्किन्सन्स नावानिशी आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल आणि न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी असेल तर उपचारांवरच्या खर्चाची ४०,००० रुपयांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते. विम्याने दिलेली रक्कम त्यातून वजा होते आणि हा लाभ फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएंना क्रमांक न सांगता आजाराचं नाव सांगा. केमिस्टची बिलं महिन्यागणिक एका पाकिटात ठेवा.

तपासणीच्या फेऱ्यांना एसटीत पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं भाडं आणि पंचाहत्तरीपुढे मोफत प्रवास आहे, ते विसरू नका.

माणूस ठेवताना

सगळ्यांत मोठा आकडा हा. ब्यूरोकडून बारा तासांसाठी मावशी किंवा मामा घेतले तर महिन्याला १५ ते २५ हजार, चोवीस तासांसाठी २० ते ३५ हजार आणि जेवण. ब्यूरोचं कमिशन, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, माणूस मध्येच गेला तर किती दिवसांत दुसरा, हे लेखी घ्या. इंजेक्शन, नळी असं काही नसेल तर शिकलेल्या नर्सची गरज नाही, तिचे पैसे दुपटीच्या आसपास जातात. पार्किन्सन्सला हवा असतो धीराचा, ताकदीचा आणि घड्याळ पाळणारा माणूस. त्याला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी शिकवा : गोळीची वेळ चुकवायची नाही, अडकलेला पाय ओढायचा नाही, आणि घास भरवताना हनुवटी खाली ठेवायची.

घरातली सून किंवा बायको हे काम फुकट करते म्हणून ते हिशेबात धरलं जात नाही. धरा. तिने नोकरी सोडली असेल तर गेलेला पगार हा या आजाराचाच खर्च आहे, आणि आठवड्यातून दोन अर्धे दिवस पगारी माणूस ठेवणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

सही बारीक होण्याआधी

अक्षर लहान होतं तसा सहीचा नमुना जुळेनासा होतो आणि चेक परत येतात. निदान झाल्यावर पहिल्या वर्षातच बँकेत नवी सही द्या, खातं 'दोघांपैकी कुणीही' असं संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा. सत्तरीपुढच्यांना आणि दिव्यांगांना घरपोच बँकसेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे, शाखेत मागा. पेन्शनचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण अॅपवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो, थरथरत्या बोटाचा ठसा घ्यायची गरज नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. ते विचार शाबूत असतानाच करा, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं तसं पत्र सोबत जोडा. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका, देणाऱ्याची समज गेली की त्याचा कायदेशीर आधार जातो.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता : गोळीचं नाव, ताकद, नेमकी वेळ, आणि लाल शाईतली ती नको असलेली औषधं. दुसऱ्याच कारणाने भरती व्हावं लागलं तर वॉर्डात गोळ्या सिस्टरच्या फेरीप्रमाणे मिळतात, सकाळ-दुपार-रात्र. तुमच्या तक्त्यात दहा वाजता आणि साडेबाराला गोळी असेल तर ती वेळेवर देण्याची किंवा स्वतःजवळ ठेवण्याची परवानगी भरतीच्याच दिवशी डॉक्टरांकडून केस पेपरवर लिहून घ्या.